पटाचा हिशोब मांडताय, तर पुरता मांडा : शालेय शिक्षण विभागास खुले पत्र

प्रति,
माननीय शालेय शिक्षण मंत्री
आणि माननीय प्रधान सचिव, शालेय शिक्षण विभाग,
मंत्रालय, मुंबई.

सविनय नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या वाडीतल्या शाळेत शाळा व्यवस्थापन समितीची सभा झाली. विषय एकच होता. वरून एक टाइप केलेला ठराव आला होता. 'वाहतुकीची सोय झाल्यास आमच्या पाल्यांचे समूह शाळेत समायोजन करण्यास आमची हरकत नाही' एवढा मजकूर, खाली तारखेची जागा आणि त्याखाली अध्यक्षांच्या सहीची जागा. समूह शाळा म्हणजे आसपासच्या कमी पटाच्या शाळांतली मुले एका ठिकाणी आणून भरवायची मोठी शाळा. अध्यक्ष मी आहे. मी सही केली नाही. का केली नाही हे चार माणसांसमोर सांगितले पाहिजे, म्हणून हे पत्र उघडे लिहिते आहे. आमच्यासारख्या आणखी किती वाड्यांत असा कागद फिरतो आहे कोण जाणे.

आधी माझी ओळख. मी डी.एड. आहे. भरतीची वाट बघण्यात उमेदीची वर्षे गेली, तशी शिलाई मशीन घेतली. आता ब्लाउज, परकर आणि शाळेचे गणवेश शिवते. माझी मुलगी याच शाळेत तिसरीत आहे. शाळेचा पट १३. त्यात मुली ८. मंजूर शिक्षक दोन, प्रत्यक्षात बाई एकच. दुसरे पद गेली दोन वर्षे रिकामे आहे. ज्या समूह शाळेत मुलांना न्यायचे म्हणता ती सहा किलोमीटरवर. मधे घाटाचा उतार आणि एक ओढा. त्यावरचा साकव जुलै-ऑगस्टात किती दिवस पाण्याखाली असतो, ते विचारायला आजवर कोणी आले नाही.

२०२३ च्या सप्टेंबरात समूह शाळांचा विषय पहिल्यांदा निघाला, तेव्हा विभागानेच आकडे सांगितले होते. २० पेक्षा कमी पटाच्या सुमारे १४,७०० शाळा, त्यांत १ लाख ८५ हजारांच्या आसपास मुले. नंदुरबारचे तोरणमाळ आणि पुण्याचे पानशेत ही उदाहरणे दिली गेली. इमारत चांगली, प्रत्येक इयत्तेला वेगळा शिक्षक, खेळायला सवंगडी. या गोष्टी मुलांना मिळाव्यात असे मलाही वाटते. १३ मुलांच्या शाळेत कबड्डीचे दोन संघ होत नाहीत, हे रोज बघते मी. पण कागदावर पुढचे वाक्य येते ते खर्चाचे. मूठभर मुलांमागे दोन शिक्षकांचा पगार शासनाला परवडत नाही, असे आम्हाला तोंडी सांगितले जाते. या वाक्यावर माझे म्हणणे आहे.

खर्च बघायलाच हवा. पैसा जनतेचा आहे, त्यात माझाही आहे. दोऱ्याच्या रिळावरसुद्धा मी कर भरते. म्हणून मीही वही घेऊन बसले.

आमच्या शाळेला वर्षभरासाठी मिळणारे संयुक्त अनुदान १०,००० रुपये. ३० पर्यंत पट असला की एवढेच. खडू, झाडू, वीजबिल, पत्र्याची डागडुजी, सगळे त्यातच. आता शाळा हलवली तर मुलांना समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून वाहतूक भत्ता मिळणार, वर्षाला ६,००० रुपयांपर्यंत. १३ मुलांचे झाले ७८,०००. शाळा भरते २०० दिवस. म्हणजे दिवसाला ३९० रुपये. एवढ्यात डिझेल, ड्रायव्हर, टायर धरून घाटात रोज चार खेपा कोण करील? आमच्या फाट्यावरच्या दोन जीपवाल्यांना विचारून आले. दोघेही नाही म्हणाले. मग मुलांना न्यायला-आणायला आयाच निघणार. सकाळी सोडून परत, संध्याकाळी आणून परत. चालणे २४ किलोमीटर आणि दिवस संपला. या दिवसांत बिबट्याचे भय आहे, एकटी बाई जाणार नाही, दोघी लागतील. आमच्याकडे बायकांचा रोज ३०० रुपये. दोघींचे २०० दिवसांचे १,२०,००० रुपये. हा खर्च तुमच्या कुठल्याही रकान्यात दिसणार नाही, कारण तो तिजोरीतून जात नाही, आमच्या चुलीतून जातो.

राहिला पगार. शाळा बंद झाली तरी आमच्या बाई सेवेतच राहणार, त्यांचा पगार दुसऱ्या शाळेत निघणार. बचत होणार ती पुढे कधी तरी त्यांचे पद भरले नाही तर. तेव्हा हे शाळांचे समायोजन म्हणून लिहायचे, की शिक्षकांच्या पदांची कपात म्हणून, ते शासनाने स्पष्ट सांगावे. कुठल्या शाळेला किती शिक्षक हे ठरवणाऱ्या, १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या शासन निर्णयात सहावी ते आठवीचा पट २० च्या खाली गेला की शिक्षक शून्य, असे लिहिले गेले, तेव्हाच आमच्या मनात पाल चुकचुकली होती. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक लिहिले आहेत. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी, हे आपल्याच राज्याच्या नियमांत आहे. मंजूर पदांपैकी १० टक्क्यांहून जास्त पदे रिकामी ठेवू नयेत, हेही कायद्यातच आहे. आमच्याकडे दोनातले एक पद रिकामे आहे. टक्केवारी तुम्हीच काढा.

आता एक गोष्ट घरातली सांगते. मला दोन नणंदा. थोरली १९८८ ची. तिच्या लहानपणी वाडीत शाळा नव्हती. त्याच ओढ्यापलीकडच्या शाळेत तिला घातले. दुसरीपर्यंत कशीबशी गेली, मग एका पावसाळ्यात घरी बसली ती कायमची. शेळ्या राखल्या, सोळाव्या वर्षी लग्न झाले. आज ती दुसऱ्याच्या रानात रोजाने जाते. बँकेत गेली की फॉर्म माझ्यापुढे सरकवते आणि दुसरीकडे बघत उभी राहते. धाकटी १९९६ ची. ती सहा वर्षांची झाली तोवर वाडीत वस्तीशाळा सुरू झाली होती. देवळाच्या पडवीत, एका निमशिक्षकाच्या भरवशावर, छप्पर गळत असताना. ती तिथे चौथीपर्यंत शिकली. चार वर्षांत पाया पक्का झाला आणि दहा वर्षांची पोर ओढा ओलांडून पुढच्या शाळेत जाण्याइतकी मोठी झाली. दहावी झाली, बारावी झाली, परिचारिकेचा ए.एन.एम. कोर्स झाला. आज ती उपकेंद्रात काम करते. तिच्या पगारातून सासऱ्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, थोरलीच्या मुलाची कॉलेजची फी भरली गेली.

आई-बाप तेच, घर तेच, ओढाही तोच. फरक पडवीतल्या त्या शाळेचा.

आमच्या घरात घडले ते जगात मोजूनही झाले आहे. इंडोनेशिया सरकारने तेलाच्या पैशातून १९७३ ते १९७८ या काळात ६१,००० च्या वर प्राथमिक शाळा बांधल्या, मुले राहतात तिथे, गावोगाव. पुढे ती मुले कमावती झाल्यावर एस्तेर दुफ्लो यांनी त्यांचा अभ्यास केला. हजार मुलांमागे एक शाळा वाढली तिथे पुढे मजुरी दीड ते पावणेतीन टक्क्यांपर्यंत वाढलेली दिसली. ऐकायला आकडा लहान वाटतो. पण तो एका वर्षाचा नाही, ती माणसे कामाला जातील तितकी वर्षे तो चालू राहतो. दुफ्लो, अभिजित बॅनर्जी आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले तेव्हा आपल्याकडेही कौतुकाने लिहिले गेले होते.

त्याच देशाची दुसरी गोष्टही सांगते, नाही तर माझा हिशोब एकतर्फी होईल. २००५ नंतर तिथे प्रमाणपत्र मिळवलेल्या शिक्षकांचा मूळ पगार दुप्पट करण्यात आला. शिक्षकांचे समाधान वाढले, जोडधंदे कमी झाले, पण दोन-तीन वर्षांनी मुलांची परीक्षा घेतली तर शिकण्यात फरक सापडला नाही. म्हणजे नुसता जास्त पैसा ओतला की मुले शिकतात असे नाही, हे मला मान्य आहे. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च करा, असे कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सांगितले आणि २०२० च्या राष्ट्रीय धोरणानेही तेच म्हटले. ते व्हायला हवेच. पण आज माझे मागणे हातात आहे त्याच पैशाबद्दल आहे. तो मुलापर्यंत कुठल्या वाटेने येतो आणि वाटेत किती सांडतो, ते बघा.

सांडतो कुठे, ते मी माझ्या मशीनवरून सांगू शकते.

पूर्वी गणवेशाचे पैसे शाळा व्यवस्थापन समितीकडे येत, एका गणवेशाला ३०० रुपये. समिती तालुक्याला जाऊन कापड आणायची, मी मुलांची मापे घ्यायचे. तिसरीतला एक मुलगा अंगाने दुसरीतल्यासारखा, त्याच्या पँटला आत दोन इंच जादा दाब सोडायचा म्हणजे पुढच्या वर्षी उसवून लांब करता येते. जूनच्या शेवटी सगळी पोरे नव्या कपड्यांत. मग 'एक राज्य एक गणवेश' आले. २०२४-२५ साली कापड राज्यपातळीवर घेतले गेले. एक गणवेश शिवून येणार, दुसऱ्या स्काउट-गाइडच्या गणवेशाचे कापड आमच्याकडे येणार. शिलाई १०० रुपये आणि वर १० रुपये. खांद्यावर पट्ट्या, दोन झाकणाचे खिसे, फुल पँट, काज-बटण, इस्त्री, हे १०० रुपयांत कोण शिवणार? मी शिवले, कारण पोरे माझीच होती. गिरणीतल्या कापडाची मला तक्रार नाही, पण ते मोजून नव्हते आले. दोन मुलांना कमी पडले. शिवून आलेला गणवेश आला तो वयावरून अंदाजाने कापलेला. चौथीतल्या मुलीचा हात वर गेला की काखेत टिचायचा. १५ ऑगस्टच्या झेंडावंदनाला आमची निम्मी मुले जुन्याच कपड्यांत उभी होती. डिसेंबरात शासनाने निर्णय फिरवला, पुन्हा समितीला अधिकार दिले. चांगले केले, त्याबद्दल मनापासून आभार. पण या एका वर्षाच्या प्रयोगात किती पैसा गेला, किती कापड वाया गेले, याचा कागद कोणी आमच्यापुढे ठेवला नाही.

पुस्तकांत वह्यांची कोरी पाने बांधली गेली. दप्तराचे ओझे कमी होईल म्हणून. मुले वह्याही आणत राहिली आणि पुस्तकेही जाड झाली. जानेवारी २०२५ मध्ये तेही मागे घेतले. त्याच महिन्यात मुलांच्या आठवड्याच्या अंड्यासाठीचा शासनाचा निधी मात्र थांबवला. आमच्या शाळेत अंड्याच्या दिवशी पट पुरा भरायचा. १३ च्या १३. बाकी दिवशी कोणी ना कोणी गुरांमागे असतेच.

५ सप्टेंबर २०२४ ला कमी पटाच्या शाळांत दोनातला एक शिक्षक काढून कंत्राटी उमेदवार १५,००० रुपये मानधनावर घ्यायचा शासन निर्णय निघाला. शिक्षक दिनीच निघाला. मी डी.एड. आहे, बेकार आहे. खरे सांगायचे तर मी अर्ज लिहूनही ठेवला होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो निर्णय रद्द झाला. रद्द झाला ते बरोबरच. पण दोन वर्षांत इतके निर्णय काढायचे आणि मागे घ्यायचे, यात गटशिक्षणाधिकाऱ्यांपासून शिक्षकांपर्यंत किती माणसांचे किती दिवस गेले, तेही पैसेच आहेत.

मार्चचे काय सांगू. शाळा जूनमध्ये उघडते, तेव्हा खात्यात काही नसते. खडूची पेटी बाई स्वतःच्या पैशाने आणतात. अनुदानाचा मोठा हिस्सा येतो तो वर्ष संपताना. या वर्षी २६ मार्चला मेसेज आला. ३१ च्या आत खर्ची टाका, नाही तर परत जाईल. तीन कोटेशने घ्या, बिले लावा, उपयोगिता प्रमाणपत्र द्या. जूनमध्ये ज्या पैशातून पत्र्याचे भोक बुजवता आले असते आणि पावसात वाचनाचा कोपरा भिजला नसता, त्या पैशातून मार्चमध्ये मिळेल ते घ्यायचे. आमच्याकडे एक प्लास्टिकचा गणितपेटीचा संच तसाच आला आहे, आधीच्या दोन संचांसारखाच. भिजलेली ४० गोष्टीची पुस्तके मात्र पुन्हा मिळाली नाहीत.

आणि सगळ्यात महाग वाया जाते ती बाईंची वेळ. मी शाळेत बसून एका आठवड्याची नोंद ठेवली. बीएलओचे म्हणजे मतदारयादीचे काम, तीन ऑनलाइन लिंक भरणे, पोषण आहाराची रोजची माहिती, यू-डायस या शाळांच्या ऑनलाइन माहितीतली दुरुस्ती, वृक्षारोपणाचे फोटो, तालुक्याला दोन मीटिंगा. सहा दिवसांतल्या शिकवण्याच्या वेळेतले साडेअकरा तास गेले. चार इयत्ता, एक शिक्षक, आणि त्यातून हे तास वजा. शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून दुसरे बिगरशैक्षणिक काम देऊ नये असे कायद्याचे कलम २७ सांगते. मुले वाचत नाहीत अशी ओरड होते तेव्हा हे कोणाला आठवत नाही. मुलांचे वाचन-गणित तपासणाऱ्या 'असर' पाहणीच्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा धडा वाचू शकणारी २३.४ टक्केच निघाली. मुलामागे किती हजार खर्च झाले, हे मोजण्याइतकेच किती मुले वाचू लागली, हेही मोजायला हवे.

थोड्या पैशात मुले सावरतात, हे मुंबईनेच दाखवले आहे. महापालिकेच्या शाळांत 'प्रथम' या संस्थेने बालसखी ठेवल्या होत्या. वस्तीतल्याच शिकलेल्या मुली, महिना ५०० ते ७५० रुपये मानधन, मागे पडलेली तिसरी-चौथीची मुले दिवसाला दोन तास त्यांच्याजवळ. त्या मुलांनी चांगली भरारी घेतली. संगणकाच्या मानाने हे कितीतरी स्वस्तात झाले. आमच्या वाडीत माझ्यासारख्या बारावी झालेल्या आणखी तिघी आहेत. आम्हाला दोन तास बसायला कोणी सांगितले तर आम्ही बसू. कायमच्या शिक्षकाच्या जागी नाही, त्याच्या जोडीला.

पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेचे आज जगभर नाव आहे. त्या शाळेचाही पट एके काळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतका उरला होता. २० च्या खालचा पट हीच कसोटी त्या वर्षी लावली असती, तर शाळा यादीतून गेलीच असती. शिक्षक आले, गाव उभे राहिले, पट चढला. कमी पट हा काही शाळेचा कायमचा रोग नसतो. आमच्या वाडीतली सहा मुले तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जीपने जातात. बाईंच्या जोडीला दुसरा शिक्षक येऊ दे, त्यातली निम्मी परत येतील, आयांशी मी बोलले आहे.

१८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. सरकारच्या तिजोरीत रयतेच्या घामाचा पैसा जातो आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, प्राथमिक शाळा मात्र उपाशी, ही त्यांची तक्रार होती. प्राथमिक शिक्षकाचा पगार १२ रुपयांच्या खाली असू नये, असा आकडाही त्यांनी घातला होता. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. एवढ्याशा संस्थानाला ते परवडले. त्या दोघांचे फोटो आमच्या शाळेच्या भिंतीवर आहेत, दरवर्षी हार आम्हीच घालतो.

म्हणून समितीच्या वतीने आमच्या मागण्या लिहिते.

आमच्या शाळेचा किंवा कोणत्याही वाडीवस्तीच्या शाळेचा निर्णय नुसत्या पटावर घेऊ नका. आधी कोणी तरी पावसाळ्यात येऊन ती वाट चालून बघावी. ग्रामसभेचा आणि समितीचा लेखी होकार असल्याशिवाय एकही शाळा हलवू नये आणि तो होकार छापील मजकुरावर घेऊ नये.

समायोजनाने किती बचत होणार, याचे शाळावार पत्रक जाहीर करा. त्यात वाहतुकीचा खर्च धरा, पालकांचा बुडणारा रोज धरा, आणि किती पदे संपणार तेही लिहा.

रिकामे पद भरा. कायद्याप्रमाणे दोन शिक्षक द्या.

अनुदान ३० जूनपूर्वी समितीच्या खात्यावर जमा करा आणि न खर्चलेली रक्कम पुढच्या जूनपर्यंत वापरायची मुभा द्या. वर्षाच्या शेवटी गावापुढे जमाखर्च वाचून दाखवायची जबाबदारी आमची. आम्ही ती आताही पाळतो.

गणवेश, कोरी पाने आणि अशाच मागे घेतलेल्या योजनांवर झालेला खर्च विधिमंडळापुढे ठेवा. मुलांचे अंडे पुन्हा सुरू करा.

शिक्षकांकडची ऑनलाइन कामे केंद्रशाळेच्या पातळीवर एक माहितीनोंदणी कर्मचारी देऊन काढून घ्या. दहा शाळांमागे एक माणूस पुरे. त्याच्या पगाराच्या कितीतरी पट शिकवण्याचे तास मोकळे होतील.

ठरावाचा कागद माझ्या मशीनच्या खणात आहे. समितीने त्याच्या पाठीमागे हाताने दुसरा ठराव लिहिला आहे, त्यावर १३ पैकी १३ मुलांच्या पालकांच्या सह्या आहेत. थोरल्या नणंदेचा धाकटा मुलगा पुढच्या वर्षी पहिलीत येणार आहे, म्हणून तिनेही अंगठा उठवला. त्याची प्रत पोस्टाने आपल्याकडे पाठवली आहे. लेखी उत्तराची वाट बघते.

आपली नम्र,
अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समिती
(पट १३, एक शिक्षक)